साडेदहाचे आभार

केतकी गेटबाहेर पडली तेव्हा माझ्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी शोधत बसले असते तर ती रस्त्यावर पोचली असती, म्हणून तशीच धावत सुटले. इचलकरंजीतला आमच्या शाळेपुढचा रस्ता म्हणजे सुताच्या गाठी भरलेल्या ट्रकांचा रस्ता. हॉर्न वाजत होते, मी "केतकी, थांब! अगं थांब!" म्हणून गळा फाडत होते, आणि केतकी हावळ, वय वर्षं अकरा, कानात कापसाचे बोळे, खांद्याला शाळेच्या टेपरेकॉर्डरची गुंडाळलेली वायर, अगदी शांतपणे रस्ता ओलांडत होती. पलीकडे एक टेम्पो उभा होता. तिथं जाऊन तिनं मागच्या फाळक्यावर हाताने दोन थापा मारल्या आणि वाट बघत उभी राहिली.

टेम्पोवाला चहाचा ग्लास घेऊन टपरीतून आला. "ओ बाई, ही पोरगी माझ्या गाडीला थापा का मारतीया?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं.

मी तिचा हात धरला तशी ती किंचाळायला लागली. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. कुणीतरी म्हणालं, पोरीला मारतात वाटतं. मी तिला जवळजवळ ओढत आत आणलं तेव्हा माझ्या अनवाणी पायातून रक्त येत होतं, आणि तिला मात्र खरचटलंही नव्हतं.

"ही तिसरी वेळ," मोहोळकर मॅडम म्हणाल्या. त्या आमच्या मुख्याध्यापिका. आवाज कधी चढवायच्या नाहीत, त्यामुळे त्यांची जास्तच भीती वाटायची. "दीड महिन्यात तिसरी, सबनीस बाई. आज ट्रक होता तिथे."

"तसा लांब होता."

"पुढच्या वेळी जवळ असेल." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शनिवारी पालक मेळावा आहे. तोपर्यंत बघू. पण एकदा जरी ती गेटबाहेर गेली, तर सोमवारपासून तिचं नाव कमी करायचं. माझं संस्थेच्या अध्यक्षांशी बोलणं झालंय. ज्या मुलीला मी सांभाळू शकत नाही, तिला सांभाळते असं तिच्या आईला खोटं कसं सांगू?"

"मग ती जाईल कुठे?"

स्वमग्न मुलांसाठी गावात दुसरी शाळा नव्हती. आमच्याकडे येण्याआधी केतकी दिवसभर घरात असायची, दाराला बाहेरून कडी. आई शिलाईच्या कारखान्यात, वडील कामावरून पहाटे येऊन झोपलेले. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पुण्याहून शिकून आले होते, आणि शिकून आल्याचा माज अंगात मावत नव्हता. एका कार्यशाळेत मी ऐकलं होतं की मुलांनी रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या शब्दांत आपल्याला मिळालेल्या चांगल्या गोष्टींची नोंद घेतली की त्यांचं मन निवतं. स्वमग्न मुलांना ठरलेपणा आवडतो, म्हणून ही गोष्ट त्यांना फारच मानवते. झालं, मी लगेच वर्गात 'कृतज्ञतेची पाच मिनिटं' सुरू केली. रोज सकाळी साडेदहाला चटईवर गोल करून बसायचं, टेपरेकॉर्डरवर हळू आवाजात बासरी लावायची आणि मी म्हणायचं, "चला मुलांनो, आता आभार." भिंतीवर मोठ्या अक्षरांत तक्ता होता, 'आज मी आभारी आहे'. लॅमिनेशनही मीच करून आणलं होतं.

माझ्या वर्गात चार मुलं होती. हर्षदचा जीव पंख्यात. पंखा फिरत असला की तो मान वर करून बघत बसायचा आणि बंद झाला की रडायचा. ओंकार प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द उचलायचा. "आज मी आभारी आहे," मी म्हणाले की "आहे," ओंकार म्हणायचा. यास्मिन बोलायचीच नाही. आणि केतकी. केतकी दिवसभर आपल्या नादात एकच वाक्य पुटपुटत असायची, "बरं झालं पाणी आलं, बरं झालं पाणी आलं." माझ्या निरीक्षणवहीत मी तिच्या नावापुढे लिहिलं होतं : 'ऐकलेलं पुन्हा पुन्हा म्हणते. अर्थ नाही.' ती वही अजून माझ्याकडे आहे. अधूनमधून उघडून ते वाक्य वाचते आणि स्वतःचेच कान उपटते.

त्या सोमवारी संध्याकाळी केतकीची आई, राजश्रीताई, तिला न्यायला आल्या. सकाळचा प्रकार त्यांना गेटवरच कुणीतरी सांगितला होता. माझ्या पायाची पट्टी बघून त्यांचे डोळे भरून आले.

"बरं झालं बाई, तुम्ही पळालात मागनं," त्या म्हणाल्या. "न्हाईतर काय झालं असतं वो?"

"बरं झालं बाई तुम्ही पळालात मागनं," केतकी लगेच म्हणाली, आईच्याच सुरात. "बरं झालं बाई तुम्ही पळालात मागनं."

मी हसून तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले, ती मागे सरकली. नाव कमी होण्याचं मी राजश्रीताईंना सांगितलं नाही. मॅडमनी गुरुवारी दोघांनाही, आईला आणि वडिलांना, भेटायला बोलावलं आहे एवढंच सांगितलं. त्यांना न सांगताच ते कळलं. त्या नुसतं "येतो," म्हणाल्या आणि केतकीचा हात घट्ट धरून निघून गेल्या.

मंगळवारी आणि बुधवारी मी दाराला आतून कडी लावली. त्या दोन दिवसांची मला अजून लाज वाटते. साडेदहा वाजले की आम्ही गोल करून बसायचो. केतकी पुटपुटत असायची, "बरं झालं पाणी आलं." मी म्हणायचे, "केतकी, ते आत्ता नाही. आत्ता आभार." असं म्हटलं की ती ताडकन उठायची. आधी टेपरेकॉर्डरचा प्लग काढायची. मग वायर सोडवून तळहात ते कोपर, तळहात ते कोपर अशी गुंडाळायची, खांद्याला अडकवायची, कोपऱ्यातल्या चपला घालायची आणि दाराशी जायची. दार उघडत नाही म्हटल्यावर ते बडवायची. बुधवारी तिनं स्वतःच्या मनगटाचा इतक्या जोरात चावा घेतला की दातांचे वळ संध्याकाळपर्यंत गेले नाहीत. हर्षदनं कान झाकून घेतले. ओंकार "आभार, आभार" करत येरझाऱ्या घालत होता. आणि मी, कृतज्ञतेची बाई, दाराला पाठ लावून उभी होते. मला रडू आलं. मला वाटलं, या मुलीला माझ्या वर्गातलं काहीच आवडत नाही, मीही नाही. वहीत लिहिलं : 'आभाराच्या वेळी पळून जाण्याचं वर्तन वाढलं आहे.'

बघा, कारण मी माझ्या हाताने लिहून ठेवलं होतं, आणि मलाच ते वाचता येत नव्हतं.

गुरुवारी दुपारी चार वाजता हावळ नवरा-बायको आले. वडिलांना मी पहिल्यांदाच बघत होते. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे 'सर्व्हिस' असं लिहिलेलं होतं. मी समजले होते, कुठल्यातरी गिरणीत नोकरी असेल, रात्रपाळी असेल. महादेव हावळ उंचेपुरे गृहस्थ होते, खांदे रुंद, आवाज खणखणीत. मॅडमच्या त्या एवढ्याशा खोलीत ते अंग चोरून बसले. केतकी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर मांड्या हलवत बसली होती. टेबलावर मॅडमचा छोटा पंखा घरघरत होता.

मॅडमनी सगळं सांगितलं. तीन वेळा काय झालं, ट्रक, शनिवार, सोमवार. काही लपवलं नाही आणि काही वाढवलंही नाही. राजश्रीताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मॅडम, नाव नका काढू," त्या म्हणाल्या. "घरात परत कोंडली तर पोर मरंल माझी. इथं आल्यापासनं एवढं खायला लागलीया, झोपायला लागलीया."

"मला कळतंय हो ताई. पण तिच्या जिवाचा प्रश्न आहे."

"तिला पळून जायचं नसतंय," महादेवराव म्हणाले. "आमच्याकडं कधी एकदा पळाली न्हाई. हजार माणसांच्या गर्दीत बसतीया, जागची हलत न्हाई."

मला राग आला. आईबापांना आपलं मूल सगळीकडे शहाणंच दिसतं, असं मनात म्हटलं. मॅडमही थकल्या होत्या. त्यांनी समोरची फाईल मिटली आणि आपल्या नेहमीच्या शिस्तीत म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही दोघं कामं टाकून आलात, त्याबद्दल मी शाळेतर्फे तुमचे आभार..."

केतकी उठली.

तिनं मॅडमच्या पंख्याचा प्लग काढला. पंखा उचलून खाली जमिनीवर नीट ठेवला. मग त्याची वायर, तळहात ते कोपर, तळहात ते कोपर, झरझर गुंडाळली, पंख्याच्या दांड्याला गाठ मारली, पंखा काखेत घेतला, चपला घातल्या आणि निघून गेली.

"अहो, धरा तिला!" मॅडम उठल्याच. मी दाराकडे झेपावले.

आणि महादेवराव हसले. अगदी अभिमानानं, दिलखुलास हसले. "बसा की मॅडम. टेम्पो आत लावलाय, गेटाच्या आत. तिथंच जाऊन उभी ऱ्हाईल."

"कसला टेम्पो?" मी विचारलं.

"आमचा. हावळ साउंड सर्व्हिस." त्यांनी खिशातून कार्ड काढून दिलं. त्यावर दोन कर्ण्यांचं चित्र होतं. "लग्नं, सत्कार, उद्घाटनं, सगळीकडं आमचा माईक असतोय. चार वर्षांची होती तवापासनं येतीया माझ्यासंगं. मशीनजवळ बसती. कानात कापूस घालून दिला की कसला त्रास न्हाई. आन् काम शिकलीया बघा सगळं. तुम्ही आत्ता आभार म्हणालात नव्हं? आभार झाले की कार्यक्रम संपला. मग वायरी गुंडाळायच्या, गाडीकडं जायचं. सामान भरून झालं की मागनं दोन थापा, म्हंजी मी गाडी काढतो."

बाहेर पत्र्यावर आवाज झाला. थप, थप.

ओंकार तिथं असता तर "काढतो," म्हणाला असता. मी तिच्याच स्टुलावर बसले.

"म्हणजे सबनीस बाई," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुम्ही रोज साडेदहाला..."

"तिला सांगत होते की कार्यक्रम संपला, वायर गुंडाळ आणि घरी चल," मी म्हणाले. "आणि ती निघाली की तिला दारातून, नाहीतर रस्त्यावरून ओढून परत आणत होते."

आता हे लिहिताना हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं. तेव्हा तिच्या मनगटावरचे वळ डोळ्यांपुढे आले. कधीही आज्ञा न मोडणारी पोर. दीड महिना ती माझं ऐकत होती आणि ऐकल्याबद्दल शिक्षा भोगत होती. मी राजश्रीताईंची माफी मागितली, तिथंच, मॅडमच्या समोर. त्या गोंधळून म्हणाल्या, "आवं, तुम्हाला काय ठावं वो बाई?"

मॅडम मात्र मॅडमच. "कारण कळलं हे छान झालं. पण शनिवारी काय? मेळाव्याला दीडशे माणसं येणार. गेट उघडं असणार. शेवटी आभारप्रदर्शन तर असतंच. हावळ, शनिवारी तिला आणू नका तुम्ही."

"आणा," मी म्हणाले.

"सबनीस बाई."

"आभारप्रदर्शन माझ्याकडेच आहे ना? मी तो शब्द उच्चारणारच नाही. दुसरं काहीतरी म्हणेन. ती बाकीच्या मुलांसारखी वर्गाबरोबर बसेल. गेटबाहेर गेली तर सोमवारी तुम्ही म्हणाल ते मी मुकाट्यानं ऐकेन."

माझी जीभ अशी नको तिथं पुढे धावते. राजश्रीताईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या लेकीला पैजेवर लावलं आहे. लावलंच होतं.

"मी साउंड लावतो शनिवारी," महादेवराव म्हणाले. "माझं मशीन बघितलं की ती शांत असतीया."

मी त्यांच्याबरोबर टेम्पोपर्यंत गेले. केतकी पंखा काखेत घेऊन उभी होती, जरा वैतागलेली, कारण गाडी सुटत नव्हती. मी विचारलं, "घरी तुम्ही काय म्हणता हो? कुणी काही चांगलं केलं, काही चांगलं घडलं, तर काय म्हणता?"

"घरात कोण आभार मानतंय बाई?" महादेवराव म्हणाले. "घरच्या घरात आभार म्हंजी भांडण झाल्यासारखं वाटंल."

"पण काहीतरी म्हणत असाल ना?"

राजश्रीताई विचार करून म्हणाल्या, "काय म्हणणार? आमच्या गल्लीत चार दिवसांनी नळ येतोय. आला की म्हणायचं, बरं झालं पाणी आलं. कुणी आलं की म्हणायचं, बरं झालं आलात."

"बरं झालं पाणी आलं," केतकी म्हणाली.

मी तिथं टेम्पोला टेकून उभी राहिले. दीड महिना ही मुलगी माझ्या चटईवर बसून रोज, मनापासून, तिच्या घरच्या भाषेत तेच म्हणत होती. आणि मी तिला गप्प करून म्हणत होते, आत्ता ते नाही, आत्ता आभार.

शुक्रवारी सकाळी मी माझा लॅमिनेशनचा तक्ता भिंतीवरून काढला. निघताना त्यानं भिंतीचा रंगही उचकटला. साडेदहाला गोल करून बसलो. बासरी लावली. मी म्हणाले, "बरं झालं..." आणि पुढचं वाक्य तसंच हवेत सोडून दिलं.

"पाणी आलं," केतकी म्हणाली. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. क्षणभरच, पण बघितलं.

"बरं झालं..."

हर्षद छताकडे बघत म्हणाला, "पंखा."

"बरं झालं पंखा आहे," मी म्हणाले.

"आहे," ओंकार म्हणाला.

यास्मिन काही बोलली नाही. खिडकीतून चटईवर उन्हाचा पट्टा आला होता. ती सरकत सरकत तिथं गेली आणि तिनं तळहात त्या उन्हात ठेवला. "बरं झालं ऊन आलं," मी म्हणाले. "आलं," ओंकारनं दुजोरा दिला. यास्मिननं दुसराही हात उन्हात ठेवला.

घड्याळात दहा पस्तीस झाले. दहा चाळीस झाले. केतकी बसली होती. टेपरेकॉर्डर चालू होता, वायर भिंतीत होती. मी उठले आणि दाराची कडी काढली. त्या दिवशी आम्ही 'बरं झालं' चार वेळा केलं. मुलांना हवं होतं म्हणून नाही, मलाच हवं होतं.

शनिवारचा मेळावा शाळेच्या सभागृहात होता. सभागृह म्हणजे दोन वर्गांच्या मधली घडीची भिंत काढली की जे तयार होतं ते. पालक, नातेवाईक, शेजारच्या शाळेतले शिक्षक, पुढच्या रांगेत पाहुणे. हावळांचं मशीन एका कोपऱ्यात होतं आणि मशीनजवळ केतकी, कानात नवा कापूस, केसांना आईनं लावलेल्या दोन लाल रिबिनी. अंगणात चहा-पोह्यांची मांडामांड चालली होती, म्हणून टेम्पो गेटबाहेर लावावा लागला होता. गेट सताड उघडं. मी येताजाता त्या गेटाकडे बघत होते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

कार्यक्रम छान चालला. मुलांनी तयार केलेल्या कागदी पिशव्या दाखवून झाल्या, स्वागतगीत झालं. शेवटी मेळाव्याचे अध्यक्ष, दादासाहेब शेटे, बोलायला उभे राहिले. मी शेजारी कागद घेऊन तयार होते. कागदावर वरच लिहिलं होतं, 'तो शब्द नाही.' दादासाहेब बोलले, बोलले आणि शेवटाकडे आले. आणि माझी चूक मला तेव्हा दिसली. मी स्वतःचा शब्द काढून टाकला होता, पण आपल्याकडे माईक हातात घेतलेला प्रत्येक माणूस शेवटी काय म्हणतो हे साफ विसरले होते.

"...तेव्हा आपण सर्वांनी मला इथे बोलावलंत, त्याबद्दल मी आपले मनःपूर्वक आभार मानतो आणि माझे दोन शब्द सं..."

माईक गेला. केतकीनं प्लग काढला होता.

आणि मग जे सगळीकडे होतं तेच झालं. आभार ऐकले की माणसं उठतात. खुर्च्या करकरल्या, बायका पायांनी चपला चाचपायला लागल्या, मागची रांग पोह्यांच्या वासाकडे वळली. आभार ऐकून उठणारी केतकी एकटी नव्हती, सगळं सभागृह तेच करत होतं. फक्त नाव कमी व्हायचं होतं ते तिचं.

तिनं दादासाहेबांच्या हातातल्या माईकची वायर सोडवली. तळहात ते कोपर, तळहात ते कोपर. खांद्याला लावली आणि दाराकडे निघाली. महादेवराव मशीनमागून उठायला लागले होते. मॅडमनी हात वर केला, माझ्यासाठी, की धावा. माझा पाय उचललाही गेला होता.

मी तो खाली ठेवला. माझ्या मनात आलं, आज मी हिला ओढून आणणार नाही. आली तर येईल. आणि माईकशिवाय, जेवढा निघाला तेवढ्या आवाजात म्हणाले, "बरं झालं..."

केतकी उंबऱ्याशी होती. पुढे अंगण, अंगणापुढे गेट. ती थांबली.

"पाणी आलं," ती दाराकडे तोंड करूनच म्हणाली.

"बरं झालं..." मी पुन्हा म्हणाले.

"पंखा!" पहिल्या रांगेतून हर्षद ओरडला. इतक्या मोठ्यानं बोलताना त्याला मी कधी ऐकलं नव्हतं, त्याच्या आईनंही नसेल. ती उभी होती, ती खाली बसली.

"आलं!" ओंकार म्हणाला. त्याचा शब्द चुकला होता, कुणाला पर्वा?

यास्मिन गर्दीतून उठून दारापाशी गेली, जिथं उन्हाचा चौकोन पडला होता. ती केतकीच्या पायाशी बसली आणि तिनं दोन्ही हात उन्हात ठेवले.

खुर्च्यांचा आवाज थांबत थांबत गेला. मागच्या रांगेतले लोक पोहे सोडून परत वळले. दादासाहेबांनी हातातल्या मुक्या माईककडे बघितलं आणि खाली बसले. एकेक करत सगळे बसले. आभारप्रदर्शनाला बसलेलं सभागृह मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

केतकी वळली. खांद्यावर वायर, लाल रिबिनी, नजर माझ्या पट्टी बांधलेल्या पायावर. मी पुन्हा काही म्हणायच्या आत तिनंच सुरुवात केली.

"बरं झालं बाई पळाल्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिच्या आईचं वाक्य होतं, 'तुम्ही पळालात मागनं.' सोमवारपासून ती ते जसंच्या तसं म्हणत आली होती. ऐकलेलंच परत म्हणायचं असतं तर 'तुम्ही पळालात' आलं असतं. 'बाई पळाल्या' असं तिला कुणीच म्हणून दाखवलं नव्हतं. ते तिनं स्वतः जुळवलं होतं. तिच्या मागे धावणारी, तिला ओढणारी, तिला न समजणारी मी, त्या मला उद्देशून तिनं स्वतःचं पहिलं वाक्य केलं होतं.

"बरं झालं बाई पळाल्या," तिनं परत सांगितलं, मला कळलं नसेल तर म्हणून.

राजश्रीताई तोंडावर पदर धरून रडत होत्या. मीही रडत होते, आणि हसतही होते, आणि दीडशे माणसं गप्प बसून आमच्याकडे बघत होती. पुढचं काय करायचं हे कुणालाच सुचेना. माझ्या हातातला कागद तर केव्हाच चुरगळला होता.

केतकीनं सगळ्यांकडे बघितलं. बसलेली माणसं, उभी न राहणारी. कार्यक्रम असा अर्धवट ठेवणं तिला शिकवलेलं नव्हतं.

"आभार," ती मोठ्यानं म्हणाली.

आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उठून उभं राहिलं.

त्या टाळ्यांत मोहोळकर मॅडम माझ्याजवळ आल्या. त्यांचा चष्मा हातात होता आणि डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता. "सोमवारी साडेदहाला मीही येऊन बसेन तुमच्या वर्गात," त्या म्हणाल्या. "चटईवर. चालेल ना?"

आज या गोष्टीला सोळा वर्षं झाली. साडेदहाचं 'बरं झालं' त्या शाळेतल्या प्रत्येक वर्गात अजून चालतं आणि हावळ साउंड सर्व्हिसच्या सगळ्या वायरी केतकीच गुंडाळते, एकही कधी गुंतत नाही म्हणे. पण मला आठवतो तो त्या शनिवारचा शेवट. लोक पोह्यांकडे गेले होते. मी चुरगळलेला कागद हातात धरून तिथंच उभी होते. अंगाला हात लावू न देणारी केतकी वायर घेऊन माझ्या मागून चालली होती. जाता जाता ती थांबली आणि तिनं माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या.

सामान भरून झालं होतं.